पाळणाघर हा थोरल्या बहिणीचाही प्रश्न

‘आम्ही कामावर गेल्यावर मूल कोण सांभाळणार?’ हा प्रश्न आपण घरगुती समजतो. आजी आहे, शेजारीण आहे, भागेल कसंतरी. पण वाईत नोकरीसाठी आलेल्या जोडप्याची आजी गावाकडे असते, आणि इथली आजी बऱ्याचदा स्वतःच रोजंदारीवर जाते. मग सोय काय आहे?

मुलाच्या वयाप्रमाणे पाहू. 2017 च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, म्हणजे साधारण सहा महिने. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून आहे, पण तिथे मूल बसतं ते तिसऱ्या वर्षानंतर, तेही काही तास. त्याआधी फक्त आहार घरी मिळतो. मधली अडीच वर्षं मोकळीच.

त्याच दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. आता बघा, आपल्याकडच्या बायका काम कुठे करतात? कापडाच्या दुकानात, खाणावळीत, चार घरच्या धुण्याभांड्यांना, स्ट्रॉबेरीच्या शेतात. तिथे 50 माणसं कुठून असणार?

राहिलं खासगी पाळणाघर. ते महाग का? तान्ही मुलं एका बाईला चार-पाचच नीट सांभाळता येतात. म्हणजे तिच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा एका आईच्या अंगावर येतो, वर जागेचं भाडं. आईचा स्वतःचा पगारच तेवढ्यास तेवढा असेल, तर ती देणार कुठून? फी कमी केली की एक तर सांभाळणारीला कमी पैसे मिळतात, नाहीतर खोलीत मुलं कोंबली जातात. म्हणून यात सरकारी पैसा लागतोच.

तो आला नाही, तर किंमत घरातली थोरली मुलगी मोजते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं, हे त्यांनी ओळखलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात!

आपल्या तालुक्यात भुईंजला साखर कारखाना आहे. हंगामात ऊसतोडीची कुटुंबं येतात, नवरा-बायको पहाटेच फडात जातात. कोपीवर बाळाजवळ कोण थांबतं, ते जाऊन पाहा.

2022 पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, नगरपालिकेत एवढं विचारा: आपल्या कोणत्या अंगणवाडीत हे सुरू झालं? नसेल, तर प्रस्ताव कधी जाणार? आणि उत्तर लेखी मागा.