महिपाळगडाची वाट आणि आपली बोली

सीमाभागातील मराठी शाळांविषयी बोलताना आपण घसरती पटसंख्या, रिकाम्या शिक्षकजागा आणि फलकांचा वाद एवढ्यावर थांबतो. हे प्रश्न मोठेच आहेत. पण आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द नातवंडांना कळेनासे झाले आहेत, हा प्रश्नही लहान नाही आणि त्यावर उपाय करायला कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नाही. म्हणून आम्ही काही शिक्षक व समितीचे कार्यकर्ते हिवाळ्यात एक दिवस मुलांना महिपाळगडावर पायी नेतो. वाट दाखवायला त्याच भागातले एक वयस्कर शेतकरी असतात. मुले त्यांना आज्जा म्हणतात.

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की बाचीनंतर शिनोळी लागते. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याआधी ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली. हा इतिहास आम्ही शिनोळीत उभे राहूनच सांगतो. दोन्हीकडची माती लालच आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

शिनोळीहून देवरवाडीकडे जाताना एका मुलाने विचारले, "सर, हा रोड कुठे जातो?" आज्जा थांबले. "रोड न्हवं बाळा, ही पाणंद." दोन शेतांच्या बांधांमधून बैलगाडी जाईल एवढी वाट ती पाणंद, हे मुलांनी बांधावर हात टेकून समजून घेतले. पुढे चढण सुरू झाली तशी शब्दांची रांगच लागली. डोंगराचा खाली उतरत आलेला लांबट भाग म्हणजे सोंड. दोन चढांच्या मधली अरुंद, खोल जागा म्हणजे घळ. पलीकडे जायला वाट देते ती खिंड. भूगोलाच्या तासाला जे पाठ होत नाही, ते इथे पायांना कळते.

वैजनाथाच्या जुन्या दगडी देवळापाशी भाकरी सोडायची आणि तासाभराने गडाकडे निघायचे. सुमारे ३,२०० फूट उंचीच्या या गडावर आजही गाव नांदते आहे. तटाचे अवशेष आहेत, खडक फोडून खणलेली खोल विहीर आहे. तिच्या काठावर, घरी कानडी बोलणारा आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "आमच्यात हिला बावी म्हणतात." आज्जा हसले, "आमचे म्हातारेही बावच म्हणायचे." मुलांनी वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. कानडीशी आमचे भांडण नाही. आपली भाषा शिकण्याचा हक्क हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे. अक्का, अण्णा हे शब्द मराठीने कानडीकडून घेतले आणि आपलेसे केले, हेही आम्ही मुलांना सांगतो.

हवा स्वच्छ असेल तर गडावरून बेळगाव दिसते. चंदगड तालुक्यातली ताम्रपर्णी आणि बेळगावकडची मार्कंडेय या दोन्ही नद्या शेवटी घटप्रभेला मिळतात. त्याच ताम्रपर्णीच्या काठच्या कोवाडचे रणजित देसाई, 'स्वामी'कार. एवढा मोठा लेखक आपल्या शेजारच्या खेड्यातला, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

गेल्या खेपेस आम्ही इंग्रजी माध्यमातली मुलेही बरोबर घेतली. त्यातल्या एका मुलीने परतल्यावर घरी आजीला विचारून वहीत तीसेक शब्द वाढवले. औताच्या भागांची नावे, भाताच्या जुन्या वाणांची नावे. तिची आई आम्हाला म्हणाली, "आमच्या आत्या कधी एवढ्या बोलल्याच नव्हत्या." ती वही आम्ही शाळेत जपून ठेवली आहे. आजी गेल्यावर हे शब्द विचारायचे कोणाला?

ज्या गावांना असा दिवस काढायचा असेल त्यांनी थंडीतला स्वच्छ दिवस निवडावा, सकाळी सातला निघावे. दहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. कड्याला आग्या मोहोळ असते, तिथे आरडाओरडा व धूर करू नये. विहिरीच्या काठी मुलांना हाताशी धरावे. वाट दाखवणारा गावचाच घ्यावा आणि त्याच्या दिवसाचा मोबदला द्यावा. त्याचे ज्ञान फुकटचे नाही.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. त्यासाठी अर्ज, निवेदने, मोर्चे चालूच राहतील. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर प्रत्येक गावाने शिवारातल्या शब्दांची एक वही तरी पुरी करावी. वही आणि पेन्सिल आम्ही देऊ. आज्जा मात्र तुमच्याच गावातला शोधावा लागेल.