अडेनियमची मुळं खुलवताना

मातीवर पसरलेल्या, नजरेत भरणाऱ्या मुळांना जपानी बोन्सायकार ‘नेबारी’ म्हणतात. अडेनियमची मुळं मांसल आणि फुगीर असतात. झाडाचं निम्मं सौंदर्य त्यांतच असतं.

• रोप : बियांपासून वाढवलेलं घ्या. फांदी लावून केलेल्या रोपाचा बुंधा सहसा तितका फुगत नाही.

• वेळ : फेब्रुवारी-मार्च, ऊन वाढू लागताना.

• छाटणी : सोटमूळ स्वच्छ, धारदार सुरीने कापा; बाजूची मुळं राखा. काप सावलीत आठवडाभर सुकू द्या.

• मांडणी : बुंध्याखाली सपाट चकती ठेवून मुळं चहूकडे पसरा. एकमेकांवर चढलेली हलक्या हाताने सोडवा.

• माती : जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडं कंपोस्ट. पहिलं पाणी ४-५ दिवसांनी.

• उचलणी : दर कुंडीबदलीला झाड २-३ सेंमी वर घ्या. नव्याने उघडी पडलेली साल काही दिवस कडक उन्हापासून जपा.

सावधान : चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो शिकारीच्या बाणांना लावत असत. हातमोजे घालूनच काम करा.

मुळं भरायला काही वर्षं लागतात. दर वर्षी थोडं वर उचलत राहा. झाड त्या धीराचं चीज करतं.