घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर घेताना

गेल्या दिवाळीआधी आमच्या घरात एका यंत्रावरून चांगलाच वाद झाला. माझ्या आईने बावीस वर्षे एका कार्यालयात झाडूकाम केले. आता वयोमानाने तिला दम्याचा त्रास होतो. धुरळ्यापासून लांब राहा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पण पहाटे उठून केरसुणी हातात घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही आणि केर काढून झाला की अर्धा तास धाप लागलेली असते. तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर आणावा असे मी ठरवले. आईचे म्हणणे, हे श्रीमंतांचे खूळ आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, आणायचा तर नीट चौकशी करून आणा. त्यांचे ऐकले असते तर बरे झाले असते.

खरे म्हणजे हे यंत्र श्रीमंतांसाठी जन्माला आलेले नाही. लंडनच्या ह्युबर्ट बूथ यांनी 1901 साली बनवलेले यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे. ते रस्त्यात उभे करून खिडकीतून लांब नळ्या आत सोडत. घरात हाताने फिरवता येईल असे विजेचे यंत्र बनवले ते अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कँटन गावातील जेम्स मरे स्पँगलर यांनी. ते एका मोठ्या दुकानात रात्री झाडलोट करत आणि त्यांना दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा होई, म्हणून 1907 साली त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून धूळ ओढणारे यंत्र जुळवले. 1908 साली त्यांना पेटंट मिळाले. पुढे हे हक्क हूव्हर नावाच्या, चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या कारखानदाराने घेतले आणि यंत्राला नाव त्याचेच मिळाले. ही हकीकत आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "त्याला म्हाईत हुतं धूळ काय असती ते."

आता आमची चूक. दुकानात गेलो आणि सर्वांत जास्त वॅटचे मशीन उचलून आणले. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. यंत्र धूळ किती ओढते, हे त्यावरून कळत नाही. ते नळी, ब्रश आणि फिल्टर यांच्या रचनेवरही अवलंबून असते. युरोपीय संघाने तर घरगुती क्लीनरला 2014 साली 1600 वॅटची आणि 2017 साली 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे काही अस्वच्छ राहिली नाहीत.

दुसरी चूक अधिक महागात पडली. क्लीनर जेवढी हवा ओढतो तेवढी मागून बाहेर सोडतो. फिल्टर साधा असेल तर डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ त्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येते, आणि दम्याच्या माणसाला घातक तीच. आमचे मशीन पिशवीशिवायचे, डबा असलेले होते. पहिल्याच आठवड्यात आईने गॅलरीत डबा उपडा केला, सारा धुरळा तोंडावर आला आणि रात्रभर पंप ओढावा लागला. ज्या घरात दमा किंवा ॲलर्जी आहे तिथे बंद पिशवीचे, हेपा फिल्टर असलेले मशीनच घ्यावे. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवतो. पिशव्यांचा खर्च येतो हे खरे. डब्याचेच घ्यायचे असेल तर डबा घराबाहेर, निरोगी माणसाने, नाकाला रुमाल बांधून रिकामा करावा. दुकानात मशीन चालू करायला लावून मागच्या हवेसमोर कोरडा पांढरा रुमाल धरावा. रुमाल मळला तर ते मशीन परत ठेवावे.

घर कसले आहे ते आधी पाहावे. दोन खोल्या, शहाबादी फरशी आणि गालिचा नाही, असे असेल तर माझ्या मते मशीन घेऊच नये. ओल्या फडक्याने फरशी पुसली की धूळ उडतच नाही. गाद्या उन्हात टाकाव्यात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर मशीन सारवणच उपटून काढेल. याउलट सोफा, पडदे, पुस्तकांची कपाटे, कौलारू घरातील आढ्याची जळमटे यांना लांब नळी फार उपयोगी पडते. आपल्या भागात गळीत हंगामात कारखान्यांची काजळी आणि गुऱ्हाळांची राख उडून दारेखिडक्यांवर बसते, ती झाडूने पसरते पण ब्रशच्या तोंडाने निघते. राख गार असल्याची मात्र खात्री करावी. उदबत्तीची निखारा असलेली राखसुद्धा पिशवी पेटवू शकते.

2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरलेल्यांना ओले-कोरडे दोन्ही चालणारे मशीन घ्यावेसे वाटेल. ते साचलेले पाणी ओढते, पण गाळ ओढायचे ते साधन नव्हे. गाळ खोऱ्यानेच काढावा लागतो. घराचे वायरिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नये. साध्या मशीनने पाणी ओढले तर मोटर जळते आणि शॉक बसण्याचा धोका वेगळाच.

विजेचा हिशेब सोपा आहे. 1200 वॅटचे मशीन आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटे चालवले तर महिन्याला चारएक युनिट जातात. मशीन अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावावे. आपोआप फिरणारा रोबो आमच्यासारख्या उंबरठ्यांच्या घरात उंबरठ्यापाशीच अडतो. बिनवायरीचे मशीन हलके, पण बॅटरी दोन-चार वर्षांनी दमते आणि नवी महाग पडते.

1982 साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीने घरोघरी जाऊन क्लीनर दाखवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ केली. घरी प्रात्यक्षिक मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण सही त्याच दिवशी करू नये. पिशव्या, फिल्टर कोल्हापुरात मिळतात का, दुरुस्ती कुठे होते, हे विचारावे. मशीन हातात उचलून पाहावे, कारण ते जिन्यावरून वर नेणारे आपणच असतो. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, गॅरंटीसाठी तेच लागते.

आम्ही पहिले मशीन तोटा सोसून विकले आणि पिशवीचे आणले. बुधवारी व रविवारी ते मी किंवा मुलगा फिरवतो. तेवढा वेळ आई शेजारी जाऊन बसते. तिची केरसुणी अजून दारामागे आहे. जिना तिनेच झाडायचा हा तिचा हट्ट, तेव्हा आधी पाणी शिंपडायचे एवढे तिने कबूल केले आहे.