अध्यक्षांनी कमी बोलावे

आपल्याकडे अध्यक्षपद म्हटले, की शाल, श्रीफळ आणि शेवटी लांबलचक भाषण. टोस्टमास्टर्स क्लबच्या सभेत मात्र सूत्रे सांभाळणाऱ्याने थोडक्यात बोलायचे असते. पहिला क्लब राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे काढला. दर सभेला सूत्रे नव्या सभासदाकडे जातात. ५ ते ७ मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. ‘अं... अं...’ किती वेळा झाले, हेसुद्धा एक जण मोजतो!

लग्नानंतर फरीदाबादला आलेल्या, हिंदी बोलताना स्त्रीलिंग-पुल्लिंग चुकेल म्हणून गप्प बसणाऱ्या मराठी गृहिणीने तर ही जबाबदारी मागून घ्यावी. वक्त्यांची नावे आधीच उच्चारासकट विचारून ठेवा. परिचय तीन वाक्यांत संपवा. कुणी मध्येच अडखळली, तर तिचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा.

खरी कसोटी लागते ती लाल दिव्यानंतरही वजनदार पाहुणे बोलतच राहतात तेव्हा. अशा वेळी उभ्या राहा आणि हसतमुखाने टाळ्या सुरू करा. ते रागावले तर रागावू देत. यादीत शेवटी नाव असलेली, आयुष्यात प्रथमच बोलायला उभी राहणारी मुलगी कागद चुरगाळत बसलेली असते आणि पाहुणे तिचीच मिनिटे खात असतात.