स्वादुपिंडाचा जीर्ण दाह, अर्बुद आणि रक्तातील वृद्धिघटक

पन्नाशी ओलांडलेला, भूक मंदावलेला, वजन उतरत चाललेला, नाभीच्या वर दुखून ते दुखणे पाठीकडे जाते असे सांगणारा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मल तेलकट व दुर्गंधी असतो. आपण अग्निमांद्य वा ग्रहणी असे निदान करून दीपन-पाचन सुरू करतो आणि काही महिने निघून जातात. अशा रुग्णांपैकी काहींना स्वादुपिंडाचा जीर्ण दाह असतो, तर थोड्यांना अर्बुद. हे दोन विकार रक्ततपासणीने वेगळे ओळखता येतील काय, या प्रश्नातून वृद्धिघटकांचा अभ्यास पुढे आला.

वृद्धिघटक ही प्रथिने होत. पेशींनी वाढावे, थांबावे वा जखम भरून काढावी, हा निरोप ती एका पेशीकडून दुसरीकडे पोचवितात. त्यांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दाहातील कार्य

स्वादुपिंडात 'तारकापेशी' नावाच्या पेशी एरवी शांत असतात. १९९८ मध्ये त्या वेगळ्या काढून त्यांचा अभ्यास करण्यात आला. मद्य व वारंवार होणारा दाह यांमुळे त्या क्षुब्ध होतात आणि टीजीएफ-बीटा-१ या वृद्धिघटकाच्या प्रेरणेने तंतू निर्माण करू लागतात. ग्रंथी हळूहळू कठीण होते, पाचक स्राव घटतो आणि पुढे मधुमेहही जडतो.

अर्बुदातील कार्य

निरोगी पेशीत हाच घटक वाढ रोखून धरतो. परंतु स्वादुपिंडाच्या सुमारे निम्म्या अर्बुदांत एसएमएडी-४ हे जनुक निकामी झालेले असते. मग थांबण्याचा निरोप अर्बुदपेशींना कळत नाही. सभोवती तंतू निर्माण करण्याचे काम मात्र चालूच राहते. व्हीईजीएफ हा दुसरा घटक नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतो.

तात्पर्य, दोन्ही विकारांत तेच घटक कार्यरत असतात. म्हणून त्यांची रक्तातील पातळी वाढलेली आढळली, तरी तेवढ्यावरून दाह की अर्बुद हे ठरत नाही. यकृताच्या तंतुमयतेतही टीजीएफ-बीटा-१ वाढू शकतो. शिवाय तो रक्तबिंबिकांमध्ये साठलेला असतो व रक्त गोठताना बाहेर पडतो. त्यामुळे त्याच रुग्णाच्या सीरम व प्लाझ्मा यांतील आकडे निराळे येतात.

नेहमी सांगितल्या जाणाऱ्या सीए १९-९ या चाचणीलाही मर्यादा आहेत. हा वृद्धिघटक नव्हे, तर अर्बुदसूचक घटक होय. त्याची प्रचलित मर्यादा ३७ एकक प्रति मिलिलिटर आहे. अवरोधजन्य कामलेत अर्बुद नसतानाही तो वाढतो, आणि सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींच्या शरीरात तो जवळजवळ तयारच होत नाही. अर्थात अहवाल निर्दोष आला म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

आपले कर्तव्य

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात जीर्ण दाहाच्या रुग्णांपैकी १० वर्षांत सुमारे २ टक्के, तर २० वर्षांत सुमारे ४ टक्के रुग्णांना अर्बुद झाल्याचे दिसले. म्हणजे बहुतेकांनी भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. पुढील लक्षणे दिसताच रुग्णास विलंब न करता सीटी स्कॅन व तज्ज्ञांच्या मतासाठी पाठवावे:

१. वेदनारहित कामला.
२. पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह व त्यासोबत वजनात घट.
३. रात्री वाढणारी, पुढे वाकल्याने कमी होणारी पाठदुखी.
४. पथ्य व औषध नीट घेऊनही न थांबणारा कृशपणा.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनाही आमची विनंती आहे की, तोच ग्राहक पाचक चूर्ण वा वेदनाशामक वारंवार नेत असेल, तर त्याच्या वजनाची व नेत्रांच्या पिवळेपणाची चौकशी करावी.

प्राचीन ग्रंथांतील क्लोम म्हणजे स्वादुपिंडच काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि तो वाद चालू राहो. रुग्णाच्या बाबतीत मात्र वेळ दवडणे परवडणारे नाही; कारण शस्त्रक्रियेने अर्बुद काढता येण्याचा काळ अल्प असतो, आणि तो पुष्कळदा पहिल्या चिकित्सकाच्याच हाती असतो.