कोळसा खाणीतील तेलवातीचे दिवे : संग्रह आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना :
नाणी, ताम्रपट व शिलालेख यांना इतिहासाची साधने म्हणून जे स्थान लाभले, ते कामगारांच्या नित्य वापरातील उपकरणांना फार उशिरा लाभले. कोळसा खाणीतील कामगार टोपीला अडकवीत असे तो तेलवातीचा दिवा हे अशा उपकरणांचे बोलके उदाहरण होय. अमेरिकेत हे दिवे आवडीने जमविले जातात. प्रस्तुत लेखात या दिव्याची रचना, त्याचा कालखंड आणि संग्राहकाने पाळावयाची पथ्ये यांचा विचार केला आहे.

रचना :
हा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी एक लहान झारीच होय. तेलाचे भांडे, त्यावर बिजागरीचे झाकण, पुढे तिरकी तोटी आणि मागे आकडा असे त्याचे चार भाग असतात. तोटीत सुती वात भरलेली असे. केशाकर्षणाने तेल वातीतून वर चढे व तोटीच्या टोकाशी ज्योत जळे. ठिबकणारे तेल झेलण्यासाठी काही दिव्यांना दुहेरी तोटी बसवीत. कल्हईचा पत्रा, पितळ, तांबे व लोखंड या धातूंपासून हे दिवे घडविले जात.

कालखंड :
टोपीवरील या दिव्याचा उगम 1850 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये झाला. तेथून तो अमेरिकेत, विशेषतः पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत, रूढ झाला. वस्तुतः हम्फ्री डेव्ही यांनी जाळीचा सुरक्षादीप 1815 मध्येच सिद्ध केला होता. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के झाल्यास उघड्या ज्योतीने स्फोट होतो, हे ज्ञात असूनही उघडा दिवा टिकून राहिला. त्याची कारणे व्यावहारिक होती. सुरक्षादीपाचा प्रकाश मंद असे व तो हातात धरावा किंवा कोठेतरी टांगावा लागे. टोपीवरील दिव्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत आणि दृष्टी जाई तेथे प्रकाश पडे. ज्या खाणी वायुरहित मानल्या जात, तेथे उघडी ज्योत चाले. परंतु हे मानणे नेहमीच खरे ठरत नसे.

धुराचा त्रास वेगळाच होता. स्वस्त खनिज तेलाच्या काजळीने खाणीतील हवा दूषित होई. म्हणून पेनसिल्व्हेनियात तेलाच्या शुद्धतेविषयी कायदा करावा लागला. पुढे फ्रेडरिक बाल्डविन यांना 1900 मध्ये कार्बाइड दिव्याचे पेटंट मिळाले. पाणी व कॅल्शियम कार्बाइड यांच्या संयोगातून निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीन वायूची ज्योत अधिक प्रखर असल्याने तेलवातीचे दिवे मागे पडले. त्यानंतर एडिसन यांचा विजेरीवर चालणारा टोपीदिवा आला आणि उघड्या ज्योतीची गरजच हळूहळू संपुष्टात आली.

संग्राहकाची पथ्ये :
जुना दिवा हाती येताच तो घासून लखलखीत करण्याचा मोह होतो. येथेच पुराव्याची हानी होते. तोटीवरील काजळी दिवा प्रत्यक्ष वापरला गेल्याची साक्ष देते. भांड्याच्या तळाशी थिजलेला अवशेष चरबीचा की मेणाचा, हे रासायनिक तपासणीने कळू शकते. झाकणावरील किंवा भांड्यावरील उथळ ठशावरून निर्माता ओळखता येतो. पेनसिल्व्हेनियातील पार्सन्स येथील ट्रेथवे बंधूंचे ठसे असलेले दिवे संग्राहकांच्या परिचयाचे आहेत. पॉलिशने असा ठसा झिजतो, काजळी जाते आणि कल्हईही निघते. वाकलेला आकडा किंवा घरगुती डाग दिलेला सांधा हा दोष समजून दुरुस्त करू नये. त्यातून कामगाराची काटकसर दिसते. कोरडी धूळ मऊ कुंचल्याने काढावी, दिवा दमट जागी ठेवू नये आणि तो कोठून, कोणाकडून व केव्हा मिळाला याची नोंद त्याच दिवशी करावी. बाजारात नवीन बनावटीच्या प्रतिकृतीही असल्याने अशा नोंदीचे महत्त्व अधिकच वाढते.

समारोप :
तेलवातीचा दिवा हा अज्ञानाचा नव्हे, तर प्रकाश, वेतन व जीवित यांच्यात रोज कराव्या लागणाऱ्या निवडीचा पुरावा आहे. या कामगारांपैकी बहुतेकांनी स्वतःविषयी काहीच लिहून ठेवले नाही. त्यामुळे दिव्यावरील काजळी पुसणे म्हणजे त्यांच्या मोजक्या खुणांपैकी एक खूण पुसणे होय. महाविद्यालयीन वस्तुसंग्रहालयांनी कोणतेही जुने श्रमसाधन स्वीकारताना आधी नोंद व मग स्वच्छता हा क्रम पाळणे अगत्याचे ठरते.