पेट्रोलाची प्रत व ऑक्टेन अंक

मोटारगाडीच्या एंजिनात ठोके न पडता जळण्याची पेट्रोलाची क्षमता दाखविणारा अंक म्हणजे ऑक्टेन अंक. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या ‘नेहमीच्या’ व ‘उच्च’ (प्रीमियम) प्रतींमधील मुख्य भेद या अंकाचा असतो. पेट्रोलाची शुद्धता, त्याचे उष्णतामूल्य किंवा एंजिन स्वच्छ ठेवण्याचा त्याचा गुण यांपैकी कशाचेही मापन या अंकाने होत नाही. सर्वसामान्य वाहनधारकाची समजूत मात्र बहुधा याच्या उलट असते.

ठिणगीने पेटणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात हवा व पेट्रोलाची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पाडून पेटविले जाते. ज्वलन सुरळीत असेल, तर ज्वाला ठिणगी प्लगपासून पसरत जाऊन मिश्रण क्रमाक्रमाने जाळते व दट्ट्यावर चढता पण सौम्य दाब येतो. तथापि ज्वाला पोहोचण्यापूर्वीच सिलिंडराच्या दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण दाब व उष्णता यांमुळे आपोआप पेटले, तर ते एकदम जळते व दाबाच्या तीव्र लहरी निर्माण होऊन सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात. त्यामुळे धातूवर हातोडी मारल्यासारखा जो खणखणीत आवाज येतो, त्यालाच मोटार-कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. जुन्या धाटणीच्या गाडीने वरच्या गिअरमध्येच घाट चढण्याचा प्रयत्न केला की, हा आवाज हमखास ऐकू येई. कारण कमी वेग व जास्त भार ही ठोक्यांना अनुकूल परिस्थिती होय. ठोके दीर्घकाळ पडत राहिल्यास दट्ट्याचा माथा झिजतो, क्वचित त्याला भोकही पडते.

ठोका इंधनाच्या रेणूंच्या रचनेवर अवलंबून असतो. सरळ साखळीची हायड्रोकार्बने लवकर आपोआप पेटतात, तर शाखायुक्त साखळीची व वलयी हायड्रोकार्बने दाब अधिक सोसतात. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी या विषयावर मूलभूत काम केले. अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर यांनी १९२० नंतरच्या दशकात मोजपट्टी सुचविली. तीत सहज ठोके देणाऱ्या नॉर्मल हेप्टेनाला शून्य व ठोक्याला दाद न देणाऱ्या आयसोऑक्टेनाला १०० अंक दिला आहे. एखादे पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच ठोके देत असेल, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१. पेट्रोलात प्रत्यक्ष ९१ टक्के ऑक्टेन असते, असा याचा अर्थ नाही. किंबहुना सरळ साखळीच्या ऑक्टेनाचा ऑक्टेन अंक शून्याहूनही कमी आहे.

मापन एकाच सिलिंडराच्या व संपीडन गुणोत्तर बदलता येणाऱ्या प्रमाणित एंजिनात करतात. संशोधन पद्धतीत एंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालवितात. मोटार पद्धतीत फेरे ९०० असतात व मिश्रण सु. १४९° से. पर्यंत तापविलेले असते. ही कसोटी अधिक कठोर असल्याने तीत मिळणारा अंक सामान्यतः ८ ते १० ने कमी येतो. भारतात व यूरोपात पंपावर संशोधन पद्धतीचा अंक सांगितला जातो, तर अमेरिकेत दोन्ही अंकांची सरासरी लिहिण्याचा प्रघात आहे. म्हणून अमेरिकेतील ८७ ही नेहमीची प्रत आपल्याकडील सु. ९१ च्या तोडीची असते. तेथे नव्याने गेलेल्या भारतीय वाहनधारकाला तेथील पेट्रोल हलके वाटते, ते केवळ या मोजणीच्या फरकामुळे.

संपीडन गुणोत्तर : उच्च ऑक्टेन अंकाचे इंधन मुळात हवे कशाला, याचे उत्तर एंजिनाच्या संपीडन गुणोत्तरात आहे. मिश्रण जितके जास्त दाबले जाईल, तितका उष्णतेचा अधिक भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होतो. आदर्श आवर्तनात हवा हे कार्यकारी माध्यम मानले, तर गुणोत्तर ५ असताना कार्यक्षमता सु. ४७ टक्के, ८ असताना ५६ टक्के व १० असताना ६० टक्के येते. प्रत्यक्ष एंजिनातील आकडे पुष्कळ कमी असले, तरी कल हाच असतो. गुणोत्तर वाढविले की ठोके पडू लागतात व ते टाळण्यासाठी उच्च ऑक्टेनाचे इंधन लागते. म्हणजे लाभ एंजिनाच्या घडणीचा असतो. इंधन तो लाभ घेऊ देते, इतकेच. ज्या एंजिनाचे गुणोत्तर कमी आहे, त्यात महागडे पेट्रोल ओतल्याने गुणोत्तर वाढत नाही.

शिशाचा काळ : ऑक्टेन अंक वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत घातक ठरला. जनरल मोटर्स कंपनीत चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांच्या हाताखाली काम करणारे टॉमस मिजली (१८८९–१९४४) यांना डिसेंबर १९२१ मध्ये असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले, तरी ठोके थांबतात. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. मृत्यूपूर्वी त्यांना उन्मादाचे झटके आले होते. औद्योगिक आरोग्याच्या तज्ञ ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांनी दिलेला इशारा बाजूला पडला व अर्धशतकाहून अधिक काळ जगातील रस्त्यांवर शिसे फवारले गेले. त्याचा सर्वाधिक अपाय बालकांच्या मेंदूच्या वाढीला झाला. शिसे हटण्यास एक तांत्रिक कारणही साहाय्यभूत झाले : निष्कास वायू शुद्ध करणारे उत्प्रेरक शिशाने निकामी होतात. भारतात चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले व फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली.

शिशाची जागा घेतलेले पदार्थही सर्वस्वी निर्दोष नव्हते. अमेरिकेत वापरलेले मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर गळक्या टाक्यांतून भूजलात उतरले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सँता मॉनिका शहराला त्यामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. आता ऑक्टेन अंक मुख्यतः उत्प्रेरकी पुनर्रचना, समघटकीकरण व अल्किलीकरण या शुद्धीकरणातील प्रक्रियांनी आणि एथेनॉल मिसळून वाढवितात. या प्रक्रियांचा खर्च हे उच्च प्रतीच्या जादा किंमतीचे एक कारण होय.

प्रतीची निवड : एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात नेहमीच्या प्रतीचा किमान संशोधन ऑक्टेन अंक ९१ व उच्च प्रतीचा ९५ ठरविलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइल कंपनीने १०० अंकाचे पेट्रोलही निवडक शहरांत विक्रीस आणले. यांतून निवड करताना वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील अथवा टाकीच्या झाकणाजवळील सूचना प्रमाण मानावी. तेथील शब्दयोजना महत्त्वाची असते. ‘उच्च प्रत आवश्यक’ असे लिहिले असेल, तर काटकसर करू नये. टर्बोप्रभारित व उच्च संपीडनाच्या एंजिनांबाबत बहुधा असे असते. ‘उच्च प्रतीची शिफारस’ असेल, तर नेहमीचे पेट्रोलही चालते. अशा एंजिनावरील संवेदक ठोका ओळखतो व नियंत्रक ठिणगीची वेळ मागे सरकवितो. त्यामुळे एंजिन सुरक्षित राहते, पण शक्ती थोडी घटते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये शिफारस असलेल्या गाड्यांची चाचणी घेतली. तीत उच्च प्रतीमुळे इंधनाची बचत सरासरी २·७ टक्के व शक्तीतील वाढ १·४ टक्का आढळली, तर किंमतीतील फरक २० ते २५ टक्के होता. हिशेब उघड आहे. सूचना नेहमीच्या प्रतीची असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. याच संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील वाहनधारकांनी अशा गाड्यांत विनाकारण उच्च प्रत भरून वर्षात २·१ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वाया घालविली होती.

उच्च प्रतीच्या पेट्रोलात कंपन्या पुष्कळदा स्वच्छताकारक द्रव्येही घालतात व जाहिरातीत त्यांवरच भर देतात. ती उपयुक्त असतात. परंतु त्यांचा ऑक्टेन अंकाशी संबंध नाही व कमी ऑक्टेनाच्या पेट्रोलातही ती घालता येतात. नेहमीच्या प्रतीवर चालणाऱ्या जुन्या एंजिनात ठोके ऐकू येऊ लागल्यास ज्वलनकक्षात काजळी साचली आहे काय, ठिणगीची वेळ बिघडली आहे काय वा एंजिन जादा तापते काय, हे आधी तपासावे. महाग पेट्रोलाने अशा दोषावर पांघरूण तेवढे पडते. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने सिलिंडरातील दाब कमी राहतो. म्हणून अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील राज्यांत ८५ अंकाचे पेट्रोल विकण्याची पद्धत कार्ब्युरेटरच्या काळात पडली. आधुनिक एंजिनांच्या निर्मात्यांना मात्र ते सामान्यतः पसंत नसते.

एथेनॉल : महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत मळी व उसाचा रस यांपासून तयार होणाऱ्या एथेनॉलाचा संशोधन ऑक्टेन अंक सु. १०८ आहे. २० टक्के एथेनॉल असलेल्या पेट्रोलाची विक्री भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. एथेनॉलात घनफळामागे ऊर्जा पेट्रोलाच्या सु. दोन तृतीयांश असल्याने या मिश्रणाच्या एका लिटरात निव्वळ पेट्रोलापेक्षा सु. ७ टक्के ऊर्जा कमी असते. ऑक्टेन अंकातील वाढीचा उपयोग करून घेण्याजोगे, म्हणजे अधिक संपीडनाचे एंजिन असल्यास या तुटीचा काही भाग भरून निघतो. कमी गुणोत्तराच्या जुन्या एंजिनात ही वाढ निरुपयोगी ठरते व दर लिटरला कापले जाणारे अंतर मात्र घटते.